लाखेने बुजवलेली दोन भोकं

१

अत्तरवाल्यांच्या घराला वाईट वास येण्याची ही पहिलीच वेळ होती. भिजलेली राख, जळका रंग आणि त्या सगळ्यावर तरंगणारा स्पिरिटचा गोडसर दर्प. एरवी या घरावरून जाताना लोक पावलं हळू टाकत, कारण तळघराच्या खिडकीतून रोज काही ना काही दरवळत असे. आज जाणारे-येणारे नाकाला रुमाल लावून जात होते. ज्या माणसाने जन्मभर गावाला सुगंध विकला त्याच्या वाट्याला शेवटी हे यावं, याची हळहळ ज्याच्या त्याच्या तोंडी होती.

तपासनीस बाई तळघराच्या जिन्यावर उभ्या होत्या. विमा कंपनीतली त्यांची सगळी नोकरी जळालेली घरं बघण्यात गेली होती. पाठीमागे सहकारी आपल्याला 'चिकटपट्टी' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. एकदा चिकटल्या की कातडीसकट निघायच्या.

काय झालं ते उघड होतं. सकाळी गॅसमिस्त्रीने स्वयंपाकघरातली जुनी नळी काढून नवी जोडली. दुपारी अत्तरवाले दुकानातून घरी आले, जिना उतरून तळघरात गेले, अत्तराचं पाणी तापवायची छोटी शेगडी पेटवण्यासाठी त्यांनी काडी ओढली आणि खोलीच पेटली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. सांडलेलं पाणी जसं उताराला जातं तसा तो स्वयंपाकघरात गळून जिन्यावरून खाली आला आणि तळघरात साचून राहिला. नव्या नळीचा नट इतका सैल सापडला होता की तो नुसत्या बोटांनी फिरत होता.

इथवर सोपं होतं. अडत होतं ते पुढे. गॅसला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात सडक्या कांद्यासारखा वास मुद्दाम घालतात. सर्दी झालेल्या माणसालाही तो कळावा इतका तो वाईट असतो. आणि हे अत्तरवाले म्हणजे गावातलं सगळ्यात तिखट नाक. पाहुणा दारातून आत यायच्या आधी तो कुठून जेवून आला हे सांगणारा माणूस. तो गॅसने भरलेल्या घरात शिरला, जिना उतरला आणि शांतपणे त्याने काडी ओढली? डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की पोटात कसलंही औषध नव्हतं. माणूस पूर्ण शुद्धीत होता.

"मिस्त्री गेला तेव्हा नट घट्ट होता," पाठीमागून आवाज आला. अत्तरवाल्यांची मुलगी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. वडिलांच्या वाढदिवसासाठी ती सासरहून आली होती, आणि आता तिचे डोळे रडून रडून बारीक झाले होते. "बाबांनी स्वतः वास घेऊन सांगितलं होतं, गळत नाही म्हणून. नंतर कुणीतरी तो सैल केला. मी आणि दादा दुकानात होतो, बाबाही मिस्त्रीपाठोपाठ तिकडेच आले. घरात राहिली ती एकटी वहिनी."

"तुमची वहिनी असं का करेल?"

"ते तिलाच विचारा," मुलगी म्हणाली. "आदल्या दिवशी बाबा तिच्यावर केवढ्यांदा ओरडले ते सगळ्या गल्लीने ऐकलंय. बाबा आयुष्यात कधी कुणावर ओरडले नव्हते."

२

सून मागच्या अंगणात बसली होती. समोर एक दुधाचं पातेलं होतं आणि ती ते घासत होती. पातेल्याचा तळ काळाठिक्कर पडला होता.

बाईंनी आपण कोण ते सांगितलं आणि शेजारच्या ओट्यावर बसल्या. पोलीस त्यांच्या अहवालासाठी थांबले आहेत, हे दोघींनाही माहीत होतं. नट मागाहून कुणीतरी सैल केला असं बाईंनी लिहिलं, तर सून उद्याच कोठडीत जाणार होती. तसंही तिचं निम्मं जग गेलंच होतं. नवऱ्याने त्यांच्या शाळकरी मुलीला उचलून मावशीकडे नेऊन ठेवलं होतं, आणि खुलासा होईपर्यंत पोरीला भेटायचं नाही असं बजावलं होतं.

"मिस्त्री गेल्यावर तुम्ही काय केलंत?"

"मागचं दार लावलं आणि मुलीला आणायला शाळेत गेले. स्वयंपाक आधीच झाला होता. त्यानंतर स्वयंपाकघरात मी पाऊल टाकलं नाही. परत आले तर..." पुढचं तिने सांगितलं नाही.

"आदल्या दिवशी भांडण कशावरून झालं?"

"घरगुती होतं."

"घरगुती म्हणजे?"

"घरातलं," सून म्हणाली, आणि पातेल्यावर काथ्या फिरवायला लागली.

बाईंनी खूप खोटारडे पाहिले होते. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो. ही बाई कमी बोलत होती, आणि ज्या शब्दांनी ती सुटू शकली असती तेच शब्द गिळत होती. स्वतःला वाचवायचं असतं तर तिने काहीतरी कारण पुढे केलं असतं, पैसा म्हणा, मीठ म्हणा, पोरीचा अभ्यास म्हणा.

"दूध कुणी जाळलं?" बाईंनी सहज विचारलं.

"मीच." उत्तर प्रश्न संपायच्या आत आलं.

"आत्ता?"

"त्याच दिवशी. भांडणाच्या."

"आणि तुम्ही कुठे होता, ते जळत असताना?"

सुनेचा हात थांबला. वर दोरीवर कपडे वाळत होते, त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "गच्चीवर. कपडे वाळत घालत होते."

"मग खाली घरात कोण होतं?"

तिने पातेलं उचललं आणि आत निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "बाई, जे लिहायचं ते लिहा. मी कुणाला तरी शब्द दिलाय."

३

शब्द कुणाला दिला, हे विचारून ती सांगणार नव्हती. बाई पुन्हा तळघरात उतरल्या. सोबत अत्तरवाल्यांचा शागीर्द होता, चाळिशी गाठलेला, चष्म्याआड सतत मिचमिचे डोळे करणारा. मालक गेल्यावर सगळे नुसखे याच्याच हातात येणार होते, म्हणून गल्लीतल्या काहींनी त्याच्याकडेही बोट दाखवलं होतं. पण त्या दुपारी तो बाजारातल्या चार दुकानांत माल पोचवत फिरत होता, आणि चौघांनीही त्याला पाहिलं होतं.

भिंतीवर छताला लागून गॅसचा अलार्म होता. त्याचं प्लास्टिक उष्णतेने वितळून खाली लोंबत होतं.

"हा तेव्हा वाजला नाही?"

"नाही. बाजूच्या घरातल्यांना नुसता धडाका ऐकू आला. आणि अलार्म तर चालू होता, बाई. दिवा लुकलुकताना मी सकाळीच बघितला होता."

बाईंच्या मानेला वर बघून रग लागली, म्हणून त्यांनी खाली पाहिलं. आणि खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्यांना दोन भोकं दिसली. स्क्रूची भोकं, शेजारी शेजारी. प्रत्येक भोकातून लालसर काहीतरी ओघळून जमिनीपर्यंत आलं होतं. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. लाख होती. बाटल्यांची बुचं बंद करायला अत्तरवाले वापरत तीच. कुणीतरी ही भोकं लाखेने नीट बुजवली होती, आणि आगीने ती वितळवून पुन्हा उघडी केली होती.

"अलार्म आधी इथे खाली होता?"

"हो," शागीर्द म्हणाला. "मिस्त्रीने तिथेच लावला होता, उन्हाळ्यात. पण फार छळायचा तो. स्पिरिटची बाटली उघडली की लगेच किंचाळायचा. दिवसातून दहादा. बाबांचा हात दचकायचा, थेंब चुकायचा. आता कुणीतरी वर लावला तेव्हापासून गप्प आहे. कुणी लावला ते मला माहीत नाही, मी तेव्हा आठवडाभर गावाला गेलो होतो."

बाईंनी मनातल्या मनात एक गाठ मारली. स्पिरिटची वाफही जडच, तीही खालीच राहते. छताशी लावलेला अलार्म स्पिरिटला गप्प बसला, तो गॅसलाही गप्पच बसणार होता.

"पण मला एक सांगा. असलं नाक घरात असताना अलार्म आणलाच कशाला?"

शागीर्द पहिल्यांदा हसला. "आम्हीही हेच म्हटलं. तर बाबा म्हणाले, विमावाल्यांनी सक्ती केलीय. तुमच्याच कंपनीने."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर त्याच्यामागच्या फडताळाकडे गेली. त्या बाजूला आग पोचली नव्हती. वरच्या रांगांत जुन्या बाटल्या होत्या, चिठ्ठीविना. खालच्या रांगेतल्या प्रत्येक बाटलीवर नावाची चिठ्ठी होती, आणि शाई अजून ताजी दिसत होती.

"चिठ्ठ्या कधीपासून?"

"यंदापासूनच. आधी बाबा म्हणायचे, नाकाला पाटी लागत नाही. पण मी शिकतोय ना, माझ्यासाठी लावल्या. हल्ली तर मलाच विचारायचे. कागदाची पट्टी बुडवून माझ्या हातात द्यायचे, 'तू सांग, काय कमी आहे?' आणि मी सांगेन ते घालायचे." त्याने चष्मा काढून पुसला. "इतका विश्वास टाकला त्यांनी माझ्यावर, बाई. वीस वर्षं वाट बघितली होती मी त्याची."

 आपल्या कंपनीच्या सगळ्या अटी बाईंना तोंडपाठ होत्या. घरात अलार्म लावण्याची सक्ती करणारी अट त्यांत नव्हती, कधीच नव्हती.

४

गॅसमिस्त्री आपल्या दुकानात खुर्चीवर बसून होता, पण काम बंद होतं. बाईंना बघताच तो उभा राहिला आणि त्यांनी विचारायच्या आत बोलायला लागला.

"नट मी सैल सोडला नव्हता. त्यांनी स्वतः वास घेऊन सांगितलं. घरात सून होती, तीही बघत होती."

"तुम्ही साबणाचा फेस लावून बघितलात?"

मिस्त्रीने मान खाली घातली. "त्यांच्या घरी नाही लावत."

"का?"

"कधीच नाही लावला, बाई. वीस-बावीस वर्षं झाली. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी फेस काढला तर ते हसले. म्हणाले, साबणाला कळेल ते मला आधी कळेल. आणि खरंच कळायचं. मी फेसाने पडताळून बघितलं होतं तेव्हा, एकदा नाही, चारदा. जिथे फुगा येई तिथे त्यांनी आधीच बोट ठेवलेलं असे. मग आमची ती रीतच पडली. पितळी नट फार आवळला तर आटे मरतात. म्हणून मी आधी हाताने बसवायचा, मग पान्याचा थोडा थोडा वेढा द्यायचा. बारीक गळती नळीला नाक लावल्याशिवाय कळत नाही, आणि माझं नाक तर या वासाला सरावून मेलेलं. ते नळीला नाक लावून बसायचे आणि म्हणायचे, 'अजून.' मी वेढा द्यायचा. 'अजून.' आणखी वेढा. वास थांबला की म्हणायचे, 'बस.' गावात बाकी सगळ्यांकडे मी फेस लावतो, हवं तर कुणालाही विचारा. पण त्यांच्याकडे फेस काढणं म्हणजे... म्हणजे त्यांचा अपमान केल्यासारखं वाटायचं."

बाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. "नीट आठवून सांगा. परवा ते किती वेळा 'अजून' म्हणाले?"

मिस्त्री बोलायला गेला आणि थांबला. त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू पाना अजून त्या हातात होता.

"एकदाही नाही," तो हळू म्हणाला. "मी नुसता हाताने बसवला होता. पाना लावायच्या आधीच ते म्हणाले, 'बस.' मी म्हटलं, आज हात जमून आला."

तो पुन्हा खुर्चीवर बसला. त्याला किती कळलं हे बाईंना समजलं नाही, पण काहीतरी कळलं असावं. निघताना बाईंनी आणखी एक विचारलं.

"अलार्म तुम्हीच लावलात ना? खाली का लावायचा, हे त्यांना सांगितलं होतंत?"

"सांगितलं होतं की. ते गुडघे टेकून बसले होते बाजूला, मी भोकं पाडत असताना. दोनदा विचारलं त्यांनी, 'इथे खालीच का?' मी म्हटलं, हा गॅस जमिनीवर झोपतो, वर लावला तर शोभेचा. तेव्हा म्हणाले, बरं, मग इथेच राहू दे. आणि जाताना म्हणाले, मुलांना सांग विमावाल्यांची सक्ती आहे. नाहीतर हसतील."

५

संध्याकाळी बाई पुन्हा सुनेसमोर बसल्या. या वेळी स्वयंपाकघरात. शेगडी बंद होती, नळी पोलिसांनी नेली होती, आणि सुनेने शेजारून आणलेला चहा दोघींच्या मध्ये निवत होता.

"तुम्ही शब्द दिलाय," बाई म्हणाल्या. "तो मोडा असं मी म्हणणार नाही. मी बोलते. माझं चुकलं तर तेवढं 'नाही' म्हणा. बरोबर असेल तर गप्प राहा."

सुनेने मान हलवली.

"तुम्ही गच्चीवर होता. खाली दूध जळत होतं. सगळ्या घरात धूर झाला असेल, वास जिन्यापर्यंत आला असेल. तुम्ही धावत खाली आलात, तर बाबा पातेल्यापासून चार हातांवर, पाठ करून, पेपर वाचत बसले होते."

सून गप्प राहिली.

"त्यांना कळलं नव्हतं. त्या दिवशीच नाही, बरेच दिवस काही कळत नव्हतं. मागच्या थंडीत ते आजारी पडले असतील, त्यातच नाक गेलं असेल."

सुनेचे ओठ हलले, पण 'नाही' बाहेर आलं नाही.

"तुम्ही म्हणालात, डॉक्टरांना दाखवू या, घरात सगळ्यांना सांगू या. आणि ते ओरडले. माणूस रागावला म्हणून ओरडतो, तसा घाबरला म्हणूनही ओरडतो. नाक गेलेला अत्तरवाला म्हणजे काय राहिलं? दुकानावर कोण येणार? मग त्यांनी तुमच्याकडून शब्द घेतला, की हे कुणाला सांगायचं नाही. मुलाला नाही, मुलीला तर मुळीच नाही."

बाहेर कुणीतरी सायकल लावली, घंटी वाजली. सून अजून गप्प होती, पण तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"हात जोडले त्यांनी," शेवटी ती म्हणाली. "माझ्यासमोर. म्हणाले, पोरी, हे गावात कळलं तर मी जिवंतपणी मेलो. मी त्यांच्या पायाशी बसून शब्द दिला. आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. ते नळीला नाक लावून बसले. मी तिथेच उभी होते, बाई. मला माहीत होतं त्यांना वास येत नाही. मी म्हणायला हवं होतं, मिस्त्री, फेस लावा. तीन शब्द. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि मी म्हटलं, आता जर बोलले तर मिस्त्रीसमोर त्यांची मान खाली जाईल. म्हटलं, खाली अलार्म आहे ना, तो सांभाळेल. आणि मी पिशवी घेऊन शाळेत गेले."

बाईंनी चहाचा पेला तिच्याकडे सरकवला. अलार्म सांभाळेल असं हिलाही वाटलं होतं. तो वर गेला म्हणजे निकामी झाला, हे या घरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो बोलला नव्हता. का?

त्याचं उत्तर बाईंच्या पिशवीत होतं, कागदात गुंडाळलेलं. पुढच्या खोलीत टांगलेल्या अत्तरवाल्यांच्या कोटाच्या खिशात पोलिसांना एक नवा स्क्रूड्रायव्हर आणि दोन नवे स्क्रू सापडले होते. नट स्क्रूड्रायव्हरने फिरत नाही, म्हणून पोलिसांनी ते बाजूला टाकलं होतं. बाईंना आता कळलं होतं ते कशासाठी होतं. आणि न कळतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

६

पुढच्या खोलीत सगळे जमले. मुलगा भिंतीला टेकून उभा, मुलगी वडिलांच्या खुर्चीशेजारी, शागीर्द दाराशी, मिस्त्री दाराबाहेरच अर्धा. सून स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर.

बाईंनी पाल्हाळ लावला नाही. चिठ्ठ्या, पट्ट्या, विम्याची खोटी सक्ती, जळलेलं पातेलं, मिस्त्रीचा न दिलेला वेढा, एकेक त्यांनी मांडलं. "नट कुणी सैल केला नाही," त्या म्हणाल्या. "तो कधी आवळलाच गेला नाही. आणि तुमच्या वडिलांना वास आला नाही, कारण त्यांना वास येतच नव्हता. हे फक्त या घरच्या सुनेला माहीत होतं. तिने त्यांना शब्द दिला होता, म्हणून ती तुमच्या शिव्या खात गप्प बसली."

 आपल्यावर टाकलेला विश्वास काय होता, हे शागीर्दाला आत्ता कळलं होतं. मुलाने बायकोकडे पाहिलं.

"तू सांगायचं होतंस मला," तो म्हणाला.

"तू विचारायचं होतंस," सून म्हणाली. "तू विचारलं नाहीस. मुलीला घेऊन गेलास."

 मुलगी मध्येच म्हणाली, "पण अलार्म? बाबांना वास नाही आला, समजलं. मग अलार्म का नाही वाजला? चालू होता तो."

बाई तिच्याकडे वळल्या. हे सोपं नव्हतं. "तो खाली होता, जमिनीलगत. कुणीतरी तो वर नेला आणि खालची भोकं लाखेने बुजवली."

"मीच नेला," मुलगी लगेच म्हणाली, अगदी साधेपणाने. "वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. बाबा झोपले होते तेव्हा. किती त्रास व्हायचा त्यांना त्या किंकाळ्यांचा. म्हटलं, वर लावू, धूर तर वरच जातो ना. भिंत विद्रूप दिसू नये म्हणून भोकं पण नीट..." ती थांबली. "त्यांना केवढं आवडलं. उठल्यावर बघितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, छान केलंस हो."

"धूर वर जातो," बाई शक्य तितक्या हळू म्हणाल्या. "हा गॅस खाली बसतो."

 मुलगी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. बाटलीचं बूच असो वा भिंतीतलं भोक, लाख अंगठ्याने दाबून सारखी करायची तिला लहानपणापासून सवय होती. वडिलांनीच शिकवली होती.

"त्यांना माहीत होतं?" तिने विचारलं. "वर लावला म्हणजे निकामी होतो, हे बाबांना माहीत होतं?"

दाराबाहेरून मिस्त्री म्हणाला, "मी सांगितलं होतं त्यांना." आणि बोलल्याबद्दल लगेच पस्तावल्यासारखा तो मागे सरकला.

७

बाईंचं काम संपलं होतं. अहवालात लिहायचं ते सगळं मिळालं होतं. पिशवीतला कागद न सोडता त्या निघू शकल्या असत्या. पण ती वस्तू त्या घरची होती, म्हणून त्यांनी ती टेबलावर ठेवली.

मुलीने कागद उलगडला. नवा कोरा स्क्रूड्रायव्हर, दोन नवे स्क्रू. "हे कशाला होतं बाबांच्या खिशात?"

 सून उंबरठ्यावरून पुढे आली. "शेगडीचं बटण सैल झालं होतं, ताई," ती म्हणाली. "त्यासाठी आणलं असेल."

ते इतक्या मायेने म्हटलं होतं की बाईंना वाटलं, राहू द्यावं. नणंदेने जिच्यावर खुनाचा आळ घेतला तीच तिला वाचवत होती. पण सुनेने स्वतःच डोळे मिटले आणि मान हलवली.

"नाही. खोटं बोलले मी. या घरात सगळ्यांनी सगळ्यांना सांभाळून घेतलं, त्यातच बाबा गेले. आता नको." तिने नणंदेचा हात हातात घेतला. "अलार्म पुन्हा खाली लावायला आणलं असेल त्यांनी. स्वतः लावणार असतील, कुणाला न सांगता. पण तुम्ही इथे होतात. तुम्ही हौसेने लावलेलं तुमच्यासमोर कसं काढायचं? तुम्ही सासरी गेल्यावर काढू, असं ठरवलं असेल."

"मी तर केव्हाच जाणार होते," मुलगी म्हणाली. "दरवेळी बॅग भरली की तेच म्हणायचे. अजून थांब दोन दिवस. अजून थांब."

आणि मग ती रडली, वडील गेल्यापासून पहिल्यांदा कुणावरही न रागावता. सून तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिली. मुलगा केव्हा उठून बाहेर गेला कुणाला कळलं नाही. परत आला तेव्हा त्याच्या कडेवर त्यांची झोपाळलेली लेक होती. त्याने तिला बायकोच्या मांडीवर ठेवलं आणि तो बाजूला उभा राहिला.

काही दिवसांनी बाई अहवालाची प्रत द्यायला गेल्या तेव्हा स्वयंपाकघरात नवी नळी बसवणं चालू होतं. सगळी दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या. अत्तरवाल्यांची मुलगी जमिनीवर पालथी पडल्यासारखी होऊन, त्या स्क्रूड्रायव्हरने, जिन्याच्या तोंडाशी वीतभर उंचीवर नवा अलार्म लावत होती. शागीर्दाने स्पिरिटच्या बाटल्या दुकानामागच्या खोलीत हलवल्या होत्या, म्हणजे आता तो उगाच किंचाळणार नव्हता.

मिस्त्रीने वाटीत साबण कालवला आणि कुंचल्याने नटावर फेस लावला. सगळे वाकून बघू लागले. फेसात एक फुगा आला, वाढला आणि फुटला.

"अजून," मुलगी म्हणाली.

मिस्त्रीने पाना फिरवला. पुन्हा फुगा, या वेळी लहान.

"अजून," सून म्हणाली.

त्याने आणखी एक वेढा दिला आणि पुन्हा फेस लावला. फेस तसाच पांढरा, शांत राहिला. मिस्त्री मान वर करून वाट बघत बसला. बाईही दारात थांबल्या. पण 'बस' म्हणायला कुणाचंच तोंड उघडेना, म्हणून त्याने तिसऱ्यांदा कुंचला बुडवला.